अण्णा कासव होतात

मॉरिशसच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायला मी जाणार होते आणि त्यासाठी आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, कासव व्हावं लागलं.

तेव्हाच्या त्या कॉम्प्युटरात एक कासव असे. 'पुढे', 'डावे', 'उजवे' असे हुकूम आणि पावलांचा आकडा दिला की ते रेघ ओढत पडद्यावर चाले. हे तिकडच्या मुलांना फुकट शिकवायला स्वयंसेवक हवे होते. जागा एकच उरलेली! मद्रासहून परीक्षक बाई कुंभकोणमला आमच्या घरी येणार, गल्लीतल्या मुलांना मी दिलेला धडा बघणार आणि मग ठरवणार. दिवस मीच निवडला. त्या दिवशी मुलांना सुटी होती ना! (सुटी कशाची, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.)

सुटी सरस्वतीपूजेची होती!

सकाळी बघते तर उसना आणलेला कॉम्प्युटर पुस्तकांशेजारी देवीपुढे. पडद्याला गंध-कुंकू, बटणांवर फुलं!

"अम्मा! बाई आत्ता येतील!"

"येऊंदेत. पूजेंत ठेवलेल्यास आज हात लावायचा नाही. उद्यां काढूं."

मुलं ओसरीवर जमली, बाईही आल्या. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चपला काढल्या, कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि तमिळमध्ये मलाच झापलं, "अय्यो! आज कसा हात लावणार? तसंच शिकवा!"

तसंच म्हणजे कसं? तेवढ्यात अण्णा उठले. निवृत्त स्टेशनमास्तर ते! "मी होतों कासव. जन्मभर हुकूमच पाळलेत." अम्मानं कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठाचा डबा बुडाला भोक पाडून त्यांच्या हाती दिला.

मी ऐटीत म्हटलं, "मुलांनो, या कासवाला तीनच शब्द कळतात. अण्णा, दुसरं काही ऐकायचं नाही हं! चला, द्या हुकूम!"

"पुढे हजार!" मुलं ओरडली.

अण्णा निघाले. ओसरी, पायऱ्या, रस्ता! मागे पिठाची रेघ.

"अण्णा, थांबा! परत या!"

छे! ऐकतील तर शपथ! रेशमी वेष्टीतला, म्हणजे धोतरातला, म्हातारा सणाच्या दिवशी पीठ सांडत चाललाय म्हटल्यावर शेजारणींना वाटलं, काहीतरी व्रत असणार. दोघी-तिघी हात जोडून मागे लागल्या. त्यांच्या मागे गाय, रेघ चाटत! गाईमागे पदर खोचून मी आणि माझ्यामागे बाई! पट्टीश्वरम गावाला जाणाऱ्या बसनं करकचून ब्रेक मारला.

"अहो, थांबा म्हणते ना!"

"तो शब्द कासवास ठाऊक नाही!" अण्णा मान न वळवता म्हणाले.

गेलं मॉरिशस! मला भर रस्त्यात रडू कोसळलं.

शेवटी मुलांनीच दोनदा 'उजवे' ओरडून अण्णांना फिरवलं. उरलेली पावलं मोजत ते घरी आले.

धापा टाकत बाईंनी मुलांना विचारलं, "काय शिकलात?"

"हुकूम देणाऱ्यानं विचार नाही केला, तर कासव बिचारं काय करणार!"

बाई खूश! "अहो, एवढं समजवायला मला महिना लागतो. जा तुम्ही मॉरिशसला! पण चूक इतकी सहज करून दाखवलीत, तयारी किती केली होती?"

"तयारी कसली, बाई," मी नम्रपणे म्हटलं, "हे मला जन्मापासूनच येतं!"