माळ्यावरची गोफण

ती घटना मी विसरलेले नाही, कारण त्यात चूक माझी होती.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात तेव्हा मी पोलीस ठाण्याची प्रभारी होते. सकाळची हजेरी चालू असताना एक तरुण रक्ताने भरलेल्या शर्टाने आत आला. थोरला भाऊ मोटारसायकल चालवत होता, हा मागे बसला होता. भावाच्या कपाळावर दगड बसला आणि तो जागीच गेला.

"बांधावरनं भांडान हाय आमचं. तिच्या माळ्यावर गोफण फिरताना मी डोळ्यानं बघितली," तो म्हणाला.

ती म्हणजे रस्त्याकडेच्या शेतातली विधवा. राखणीच्या उंच माळ्यावर उभी राहून एकटीच शाळू ज्वारीवरची पाखरं उठवायची.

पंचनामा जमादारांनी केला. रस्त्यावर सापडलेला 'एक काळा दगड' आणि बाईची गोफण सील होऊन मुद्देमालात जमा झाली. मी कागद वाचला. दगड पाहिला नाही.

चौकशीत बाईने काहीच नाकारले नाही.

"दगड तुझा होता?"

"असंल बाई. पाखरं बसली की मी गोफण मारती. धोंडा सुटल्यावर कुठं पडतो ते कोण बघतंय?"

हे मी कबुली म्हणून नोंदवले. उठताना ती एवढेच म्हणाली, "दाणा भरतोय. आठ दिस सोडा. काढणी झाली की माझ्या पायानं कोठडीत येती."

असल्या विनवण्या ठाण्यात रोज ऐकू येतात. मी कोर्टाकडे कोठडी मागितली, ती मिळाली.

पाचव्या दिवशी शवविच्छेदनाचा अहवाल आला. घाव समोरून आणि खालून वर गेलेला. माळा तर रस्त्याच्या उजव्या हाताला होता, साठ पावलांवर.

"शिवी द्यायला मान वळवली असंल त्यानं," जमादार म्हणाले.

"आणि दगड जमिनीतून वर आला?"

पंचांना घेऊन, बाईला गाडीत घालून मी शेतावर गेले. शाळूची निम्मी कणसं रिकामी झाली होती. तिने एकदाच तिकडे पाहिले आणि मी रस्त्याकडे मारून दाखवायला सांगितल्यावर शेजाऱ्याची गोफण हातात घेतली.

डोक्यावर दोन फेरे, मग एक टोक सोडले. गोल फिरणारा दगड सुटल्यावर गोल जात नाही. सुटताना जिकडे निघालेला असतो तिकडे सरळ जातो, आणि जमीन त्याला खाली ओढत राहते. कणसं चुकवायची म्हणून ती उंच सोडत होती. तिने तीन दगड मारले, तिन्ही कमान करून रस्त्यावर वरून आदळले. यातला एकही कोणाच्या कपाळात खालून वर घुसला नसता.

तिथेच पंचांसमोर मुद्देमालातल्या दगडाचे सीलबंद पाकीट उघडले. दगड तीन बाजूंनी धारदार, एका अंगाला डांबर लागलेले. बाई पाच दिवसांत पहिल्यांदा हसली.

"ही तर खडी हाय. गोफणीत असला टोकदार कोण घालतंय? फाटंल की!"

मयताच्या भावाला पुन्हा बोलावले. पुढे कोणती गाडी होती, विचारले.

"खडीचा डंपर व्हता की. त्याच्या मागनंच चाललो व्हतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई. आन डंपर काय दगड मारतोय व्हय?"

मारतो. मागच्या जोडचाकांत अडकलेला खडा चाकाबरोबर फिरतो आणि सुटला की मागच्याच्या तोंडावर येतो, खालून वर.

त्या रस्त्याच्या कामावर डंपर बरेच होते. आम्ही पोहोचेपर्यंत चालक गावाला गेले होते आणि ठेकेदाराला काहीच आठवत नव्हते. कोणता डंपर ते ठरले नाही, फाइल बंद झाली. बाई सुटली, तेव्हा शेतात शाळूची नुसती ताटं उभी होती, दाणा नव्हता. मयताच्या घरच्यांच्या लेखी आजही तीच खुनी आहे.

ज्याला खरे काय ते माहीत नसते, तो प्रामाणिक माणूस 'असेल' म्हणतो. मी त्याचे 'आहे' करून लिहिले. पुढच्या सगळ्या नोकरीत तसे पुन्हा केले नाही. त्या बाईला त्याचा काही उपयोग नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्या रस्त्याने जाताना गाडी थांबवली. ती माळ्यावर होती, हातात गोफण. पाखरं बिनधास्त कणसांवर बसलेली.

"मारत का नाहीस?" मी खालून विचारले.

"मारती की बाई. पर आता धोंडा सुटला की कुठं पडतोय ते बघत ऱ्हाती. तवर ती खाऊन जात्यात."