सुभेदारांचा ताप

उंब्रजच्या सुभेदारांच्या हातावर गोळी ठेवली, की ती कशाची आणि पोटात जाऊन काय करते हे कळल्याशिवाय ते पाण्याचा पेला उचलत नसत. पलटणीतून निवृत्त होऊन घरचा ऊस बघणारा हा माणूस लघवीतून रक्त जातं म्हणून मिरजेला आमच्या रुग्णालयात आला, आणि मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली. ही सत्तरीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी तिथं शिकाऊ डॉक्टर होतो.

गाठ खरवडून काढल्यावर आमच्या सरांनी नवाच उपाय ठरवला. क्षयाची लस, बीसीजी, नळीनं मूत्राशयात सोडायची. शाळेत पोरांच्या दंडाला टोचतात तीच का, असं सुभेदारांनी विचारलं. मी म्हणालो, तीच. जंतू जिवंत असतात, पण दुबळे. त्यांना पाहून शरीराची फौज उठते आणि उरल्यासुरल्या गाठीवरही तुटून पडते.

ते विचारात पडले. "आन् फौज उठायच्या आदी ते रक्तात शिरलं, तर?"

मी हसून विषय बदलला.

दर आठवड्याला लस सोडली, की ते वहीत नोंद करत. चौथ्या खेपेला नळी घालताना माझा हात चुकला. रक्ताचे दोन थेंब आले. खरं तर थांबायला हवं होतं. पण लस कालवून तयार होती, मी सोडून दिली. त्याच संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. तो तीन आठवडे हटेना. हिवताप नाही, विषमज्वर नाही. नेहमीच्या औषधांना दाद नाही. माणूस निम्मा झाला, डोळे पिवळे दिसू लागले.

एकदा मी एकटा असताना त्यांनी वही पुढं केली. "तीन बारीला रगत न्हाई. चवथ्याला रगत, आन् सांजंला ताप. तवाच शिरलं आसतील का वो, डाक्टरसायेब?"

आवाजात तक्रार नव्हती, नुसतं कुतूहल होतं. तेच मला सोसवेना. मी वही घेऊन सरांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. मग त्यांनी लस कायमची बंद केली आणि क्षयाची औषधं सुरू केली. ताप हळूहळू उतरला. सुभेदार भाकरी मागू लागले.

काही महिन्यांनी ते दुर्बिणीच्या तपासणीला आले, तेव्हा मी मुद्दाम मागं उभा होतो. सरांनी स्वतः हातमोजे चढवले. सुभेदारांनी त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्यास्नीच करू द्या. ह्येंचा हात आता लय जपून चालंल."