कडूबाच्या जीपचं मुसकं

कडूबाचं धुळीशी हाडवैर. वडीगोद्रीसारख्या सडकेकाठच्या गावात राहून धुळीशी भांडायचं, म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण गडी हटायचा नाही. रेडिओला झबलं, घड्याळाला पिशवी. बायको गोजरबाई दम्याची, म्हणून चुलीच्या खोलीतल्या झरोक्यातही त्यानं गोणपाटाचे बोळे ठासले होते. तिच्या अंगावर धुळीचा कण पडू देत नाही, असं तो गावभर सांगे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात दोघी एकदमच आजारी पडल्या. गोजरबाईला बोलता बोलता धाप लागायला लागली, आणि अंबडला शिटा नेणारी त्याची जीप तेल ओकायला लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी निरोप धाडला होता, बाईंना आजच आणा. एसटीतली रेटारेटी तिला झेपणारी नव्हती. मिस्तरी नेमका लग्नाला गेलेला. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप तुंबला असणार, एवढं कडूबाला कळत होतं. नवा पाइप, नवा व्हॉल्व्ह आणून तो स्वतःच अंगणात बसला.

जुना पाइप ओढून काढला. त्याच्या तोंडाला तेलानं कडक झालेलं फडकं होतं. ते कडूबानंच बांधलेलं. मळणीत बैलानं धान्याला तोंड लावू नये म्हणून मुसकं बांधतात, तसं इंजिनानं धूळ खाऊ नये म्हणून यानं पाइपाला बांधलं होतं. जुनं मुसकं खराब झालं, एवढंच त्याच्या ध्यानात आलं. शहाण्यानं सगळं नवं बसवलं, क्लिपा आवळल्या, आणि गोजरबाईच्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून पाइपाचं तोंड पुन्हा गच्च बांधलं!

जीप सुरू करून तो इंजिनावर वाकला आणि हातानं रेस दिली. फट्‌! तेल मोजायची पट्टी उडून थेट बॉनेटच्या पत्र्यावर आदळली, आणि कढत तेलाची चिळकांडी त्याच्या सदऱ्यावर बसली. इंजिन बंद करून तो आ वासून उभाच राहिला. नवा माल, तरी हे?

गोजरबाई दाराला टेकून खोकत होती.

"आवं, नाकतोंड बांधल्यावर त्याचा जीव घाबरा व्हणार न्हाई का? जल्दी सोडा ते फडकं."

त्यानं सोडलं, उडालेली पट्टी परत खोचली. इंजिन पुन्हा चालू केलं, रेस दिली. पट्टी जागची हलली नाही. पाइपातून बारीक वाफ तेवढी निघत राहिली.

"बराबर बोललीस!" असं म्हणत तो वळला. चूल पेटलेली होती. सगळा धूर गोजरबाईच्या डोक्यावरून, दाराच्या चौकटीतून बाहेर येत होता. त्याला दुसरी वाटच नव्हती.

कडूबा शिडी लावून झरोक्यापाशी चढला आणि एकेक बोळा उपसू लागला. काजळीनं काळेठिक्कर झालेले बोळे. शेवटचा निघाला तसा धुराचा लोट भसकन वर आला. हातातल्या बोळ्याकडं बघत तो मोठ्यानं रडला.

"गोजर, म्या तुझंच मुसकं बांधल्तं गं!"

खालून तिचा खोकला ऐकू आला.

"उतरा आता," ती म्हणाली. "जालन्याला न्यायचंय न्हवं मला?"