बहिणीच्या बाळाचा पाळणा

तो जपानी सिनेमा आम्ही ड्रेस्डेनमध्ये रविवारी दुपारच्या खेळाला पाहिला. खाली जर्मन अक्षरं धावत होती आणि शेजारी नवरा माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होता. कारण सिनेमातला तरुण तेच करत होता जे मी करते. घरी बसून इंटरनेटवर वस्तू विकत होता. कुणाकडून तरी स्वस्तात उचलायच्या आणि दुसऱ्याला चढ्या भावाने द्यायच्या. त्याने ज्यांना नाडलं होतं ती माणसं हळूहळू एकमेकांना नेटवरच शोधून काढतात आणि सगळी मिळून त्याच्या मागे लागतात. थिएटरात सगळे श्वास रोखून बसले होते. मी मात्र त्याच्या चुका मोजत होते.

"फोटो बघ, कसले अंधारातले काढलेत," मी नवऱ्याच्या कानात म्हटलं. "आणि हा गिऱ्हाइकाला तोंडच दाखवत नाही. माणसं चिडणार नाहीत तर काय?"

"तू दाखवतेस म्हणून वाचलीस," तो म्हणाला.

मी खरंच दाखवते. कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात नोकरी लागलेल्या या माणसाच्या मागून मी या शहरात आले, तेव्हा माझी पुण्याची पदवी इथे कुणाला नको होती आणि माझं जर्मन बेकरीपुरतंच होतं. एकदा आमचाच जास्तीचा कुकर जाहिरात टाकून विकला. नुकत्याच आलेल्या एका मराठी विद्यार्थिनीने तो नेला, आठवड्याभरात तिच्या तीन मैत्रिणींनी विचारलं आणि मी धंद्याला लागले. तेव्हापासून पलंग, सायकली, हिवाळी जाकिटं, टेबललॅम्प, काय म्हणाल ते माझ्या हातून गेलं आहे. वस्तू घासूनपुसून लख्ख करते, सकाळच्या उजेडात खिडकीपाशी फोटो काढते, ओरखडा असेल तर तो आधी दाखवते. माझ्या नावापुढे गिऱ्हाइकांनी दिलेले शेरे बघा, एकही वाकडा नाही. या देशात मी स्वतः कमावलेलं काही असेल तर ते तेच.

पण धंद्याची एक खुबी होती, ती मी सिनेमा पाहताना नवऱ्याला सांगितली नाही. जर्मन लोक पुष्कळ वस्तू फुकट देतात. जाहिरातीत वर लिहितात, त्सू फेरशेंकन, म्हणजे देऊन टाकायची आहे. पन्नास जण मागतात आणि देणारा त्यातला मनाला भावेल तो निवडतो. म्हणून मी मागताना गोष्ट लिहायची. टेबल हवं भाच्याला, तो नुकताच शिकायला आलाय. सायकल पुतणीला. आता इथली सगळी मराठी पोरं मला ताई नाहीतर मावशी म्हणतात, तेव्हा भाचा म्हटलं तर बिघडलं कुठे, असं मी स्वतःला समजावलेलं होतं. आपल्याकडे नात्याला कुठे कागद लागतो! तर अशी मी भाचे-पुतणे वाढवत गेले आणि एक दिवस पोटात बाळ असलेली बहीणही निर्माण केली. मला बहीणच नाही.

ते पाळण्यासाठी. एल्ब नदीच्या पलीकडे राहणाऱ्या एका आजीबाईंचा होता. आपल्यासारखा टांगलेला नव्हे, खाली वाकड्या पट्ट्या लावून जमिनीवर डुलणारा, डोक्याकडच्या फळीवर बदाम कोरलेला. बाईंनी मला बसवलं, प्लमचा केक दिला आणि पाळण्याची सगळी हकिकत सांगितली. त्यांच्या आईने त्यांना यात झोपवलं होतं, त्यांनी त्यांच्या मुलीला. मुलीला मूल नाही. आता घर लहान करायचं होतं.

"बहिणीला कितवा महिना?" त्यांनी विचारलं.

"सातवा," मी म्हणाले. इतकं सहज म्हणाले की आज आठवलं तरी कान गरम होतात.

"मग टोपी विणायला वेळ आहे," त्या म्हणाल्या. "बाळ झालं की पाळण्यातला एक फोटो पाठवा मला. बाकी काही नको."

चार दिवसांत तो पाळणा मी एका तरुण जोडप्याला विकला. भाव चांगला आला आणि मी खूश झाले.

सिनेमा सुटल्यावर आम्ही ट्राममध्ये बसलो आणि मी फोन चालू केला. त्यावर निरोप होता. "तुमच्या बहिणीची तब्येत बरी आहे ना? शेजारणीने मला एक जाहिरात दाखवली. त्यात माझा पाळणा दिसला." खाली नाव आणि सादर नमस्कार. शिवी नाही, धमकी नाही. अडीच तास पडद्यावर माणसं सुडाने पेटलेली बघून मला काही झालं नव्हतं, या दोन ओळी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. विकल्यावर जाहिरात काढायची राहिली होती, तेवढीच चूक झाली असं एक क्षण वाटलं, आणि मग असं वाटल्याचीच लाज वाटली. मी नवऱ्याला निरोप वाचून दाखवला आणि बहिणीची थापही सांगून टाकली.

"अगं, ब्लॉक कर," नवरा म्हणाला. "फुकट दिलेली वस्तू तुझीच झाली. कायदा काही म्हणत नाही."

"कायद्याचं नाही रे. बाई टोपी विणतेय."

मला वाईट शेऱ्याची भीती होती, खोटं कशाला सांगू. त्यांनी एक ओळ लिहिली असती तरी इतक्या वर्षांचं नाव मातीत गेलं असतं. पण ट्राम पूल ओलांडत होती, खाली नदी दिसत होती, आणि डोळ्यांपुढे येत होता तो केक.

दुसऱ्या दिवशी मी त्या जोडप्याकडे गेले, पाळणा परत मागायला. दार त्या मुलीनेच उघडलं, आठवा सरत आलेला. पाळणा खिडकीजवळ मांडला होता, आत पांढरी चादर घडी घालून ठेवलेली. बोलताबोलता ती पायाने त्याला झोका देऊ लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, रिकामा हलवू नका." आमच्याकडे असं म्हणतात, हेही सांगावं लागलं. ती हसली आणि लगेच पाय काढून घेतला. त्या पोटुशा बाईच्या घरातून पाळणा उचलून न्यायचा? मला जमलं नसतं. मग मी परत मागण्याऐवजी सगळं खरं सांगून टाकलं, बहिणीसकट. तिचा नवराही आतून येऊन ऐकत होता. "आल्झो, असं आहे तर," तो म्हणाला, "मग हा कुणाचा होता ते आम्हाला कळलं, हे बरं झालं."

तिथून थेट आजीबाईंकडे गेले, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"बहीण नाहीये मला," मी म्हणाले. "पाळणा विकण्यासाठीच नेला होता. खोटं बोलले. माफ करा."

"विकायचा होता तर तसं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मी कदाचित दिलाही असता. मला कळलं असतं की तो विकला जाणार. मी महिनाभर त्या बाळाचा विचार करत बसले."

त्यांच्या मागे खुर्चीवर पिवळी लोकर आणि सुया दिसत होत्या. टोपी अर्धी झाली होती. मी म्हणाले, ज्यांच्याकडे पाळणा आहे त्यांचं बाळ येतंय, द्या मला, मी पोहोचवते.

"तीही विकाल," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. वड्या माझ्याच हातात राहिल्या. मी जिन्यातच एक खाल्ली आणि रडले.

त्यांनी शेरा लिहिला नाही. मी रोज उघडून बघायचे. एखादी शिवी असती तर भांडले असते, मला भांडता येतं. या शांततेशी काय भांडणार!

मुलगी झाली. जोडप्याने पाळण्यातला फोटो मला पाठवला. त्यांना विचारून मी त्याची एक छापील प्रत काढली आणि मागे लिहिलं, "ही माझी भाची नाही. हिचे आईवडील तुमच्याच शहरात राहतात आणि पाळणा कुणाचा ते त्यांना माहीत आहे." फोटो आजीबाईंच्या टपालपेटीत टाकला आणि घंटा न वाजवता परतले. उत्तर आलं नाही. मी धंदा सोडला नाही, सोडायचं कारणही नव्हतं. फक्त मागण्याच्या निरोपांत आता एकच वाक्य लिहू लागले, विकण्यासाठी हवी आहे, चांगल्या घरी देईन. फुकटच्या वस्तू पूर्वीपेक्षा कमी मिळतात. मिळतात त्या ताठ मानेने आणते.

आणि मग एका सकाळी मी पलंगाच्या फळ्या पुसत असताना फोन वाजला. आजीबाईंचा निरोप. "तळघरात लहान मुलाची उंच खुर्ची आहे. द्यायची आहे. तुम्हाला कुणासाठी हवी?"

इतक्या दिवसांची सवय, बोटं आपोआप भाचीकडे वळली. मी ती थांबवली आणि लिहिलं, "विकण्यासाठी. कुणाला दिली ते सांगेन." पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "शुक्रवारी चारला या. टोपीही घेऊन जा, त्या पोरीचं डोकं मोठं व्हायच्या आत."