आजींनी सांगितलेलं कॉर्न्ड बीफ

माझ्यावर उपकार आहेत ते सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या त्या घरातल्या आजींचे. आजी आपलं मी म्हणते. त्यांना मी कधी पाहिलं नाही. मी त्या घरात पाऊल टाकायच्या आधीच त्या गेल्या होत्या. तरी तिथला स्वयंपाक मला त्यांनीच शिकवला, आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे अंकलना, शेवटपर्यंत स्वतःच्या घरात राहता आलं ते त्यांच्यामुळे. हे लिहिताना आजही भीती वाटते, पण खोटं लिहीत नाही.

मी सांगली जिल्ह्यातली. सातवीत शाळा सुटली, कारण वडील अंथरुणाला खिळले आणि त्यांना उठवायला-बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पुसणं, भरवणं, कूस बदलणं, एवढी एकच विद्या माझ्याकडे. तिच्या जोरावर सिंगापूरला आले. आधी सेंगकांगला पुण्याच्या एका वहिनींकडे त्यांच्या सासूबाईंना सांभाळत होते. ती मंडळी परत गेली तेव्हा वहिनींनी ऑफिसातल्या ओळखीने मला या मॅडमकडे लावून दिलं. मॅडम युरेशियन, म्हणजे गोऱ्या आणि इथल्या रक्ताच्या मिश्र घराण्यातल्या, ख्रिस्ती. अंकल म्हणजे त्यांचे वडील. सगळं आयुष्य जहाजांच्या यार्डात गेलेलं, आता डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला, दिसत जवळजवळ नाहीच. दिवसभर हॉलच्या खिडकीशी खुर्चीत बसायचे, स्वयंपाकघराकडे पाठ करून.

बायको गेल्यापासून अंकल जेवेनासे झाले होते. दोन घास, की तोंड मिटलं. एकदा कामावर निघता निघता मॅडम दारातून म्हणाल्या, "असंच चाललं तर डॅडींना होममध्ये ठेवावं लागेल. मग तुलाही परत जावं लागेल." होम म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवतात ते. अंकलनी ऐकलं. खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

"त्यांना आवडतं काय?" मी विचारलं.

"ममीचं कॉर्न्ड बीफ. टिन कपाटात आहेत."

"त्या कसं करायच्या?"

"ममी कुणाला किचनमध्ये शिरू द्यायची का!"

बीफ म्हणजे गाईचं मांस, आमच्या घरात त्याला कुणी शिवतही नाही. संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "माणूस उपाशी आहे ना? कर. हात मात्र स्वच्छ धू." डब्याची किल्ली फिरवून पत्रा गुंडाळला तर खारवलेल्या मांसाची गुलाबी वडी ताटलीत घसरली, अंगाला पांढरी चरबी. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि कामाला लागले.

चाखायचा प्रश्नच नव्हता. त्याची काळजीही वाटली नाही. नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही न चाखताच करतो की. मीठ हाताला कळतं, वासावर कळतं. त्याच हाताने इथेही घातलं. पहिल्या दिवशी वडीचे काप केले, रवा लावून सुरमईसारखे तळले. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि बटाटा घालून रस्सा. मग पाव कुस्करून कटलेट. मग अंड्यात मोडून भुर्जी. दर वेळी अंकल एक घास घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"अय्यो गर्ल, मला मारायला आलीस का इथे?" हसायचे, आणि ताटली सरकवायचे.

रविवारी मॅडम होम बघायला जाणार होत्या.

शनिवारी दुपारी ऊन असं होतं की खाली इमारतींच्या आवारात चिटपाखरू नाही. मी कांदा परतला, मांस मोडून घातलं आणि मिठाच्या बरणीत हात घातला.

"नको," अंकल हॉलमधून म्हणाले. "ती म्हणतेय मीठ नको. आधीच खारवलेलं असतं ते."

हात बरणीतच राहिला. खुर्ची होती तशीच, खिडकीकडे तोंड करून. बरणीचा आवाज झाला नव्हता. झाला असता तरी साखरेची बरणी तिच्याच शेजारी, हात कशात गेला ते कसं कळणार.

"कोण म्हणतंय, अंकल?"

"कोण म्हणजे? तुझ्या मागे उभी आहे ना."

मी वळून पाहिलं नाही. धीरच झाला नाही. पण मानेला कळत होतं. आई मला भाकरी थापायला शिकवायची तेव्हा अशीच मागे उभी राहायची, खांद्यावरून बघत. ती काही बोलली नाही तरी हात आपोआप सुधारायचा.

"ती म्हणते, सारखं ढवळू नकोस. खाली जरा लागू दे."

मी उलथनं बाजूला ठेवलं.

"आता बटाटा. तळून घेतलास ना? नाही?" अंकल खुदकन हसले. "ती म्हणते, ही पोरगी बस सुटत असल्यासारखी रांधते."

बटाटा तळला. सुकी मिरची बी काढून घातली. शेवटी झाकणभर व्हिनेगर. बाटली मला ठाऊक नव्हती. "वरच्या फळीवर, पिठामागे," अंकल म्हणाले, आणि ती तिथे होती. व्हिनेगरचं त्यांना आठवत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मिठाची समजूत अजून घालता आलेली नाही.

अंकलनी ताटली पावाने पुसून खाल्ली. संध्याकाळी मॅडम आल्या त्या रिकाम्या ताटलीकडे बघतच उभ्या राहिल्या. रविवारी त्या होम बघायला गेल्या नाहीत. टिन आणायला गेल्या.

पुढे कधी कोबी घालून, कधी भातात परतून केलं. प्रत्येक प्रकार पहिल्यांदा करताना हॉलमधून सूचना यायच्याच. गॅस लावताना मी म्हणायला लागले, "आजी, लावते हं." ओट्यापासून जरा पुढे सरकून उभी राहायचे, मागे जागा सोडून. भीती गेली नाही. वळून मात्र एकदाही पाहिलं नाही.

मग एका सकाळी कांदा चिरत होते. अंकल म्हणाले, "गर्ल, राहू दे. ती म्हणते आज गॅस लावू नकोस."

सुरी खाली ठेवली आणि लक्षात आलं, माझ्या मागे कुणी नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाठ उघडी पडल्यासारखी वाटली. धावत हॉलमध्ये गेले. अंकल खुर्चीत होते, डोकं एका बाजूला, कुणाच्या खांद्यावर टेकवावं तसं. श्वास नव्हता.

मॅडमनीच मला चोआ चू कांगला दुसरं काम बघून दिलं. इथल्या स्वयंपाकघरात माझ्या मागे कुणी उभं राहत नाही.

आजी, तुमचं देणं माझ्यावर आहे. गावी परतले की सर्वपित्रीला आमच्या माणसांच्या पानांशेजारी एक पान तुमचं वाढीन. आई विचारेल कुणाचं, तर सगळं सांगीन. भात, वडे, खीर असेल, तुमच्या सवयीचं नाही. गोड मानून घ्या. आणि कावळा शिवेपर्यंत मी तिथून हलणार नाही.