रविवारच्या सर्दीचा शोध

सर्दी दर रविवारी होते, हा शोध मी लावला. तो अकरा दिवस टिकला.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. मी नागपुरात औषधी वनस्पतींवर पीएच.डी. करत होतो, म्हणजे करत होतो असं घरी सांगत होतो. पाच वर्षं झाली होती. येत्या उन्हाळ्यापर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द, असं पत्र आलं होतं आणि मी ते पँटच्या खिशात घालून फिरत होतो. इकडे बाबांनी अख्ख्या मोहल्ल्यात सांगून टाकलं होतं, "पोरगं डॉक्टर होऊन राह्यलं!" आमचा मोहल्ला विणकरांचा. घराघरात हातमाग. समोरची आजी दर आठवड्याला दुखरा गुडघा घेऊन माझ्याकडे यायची. (मी तो भक्तिभावानं बघायचो आणि "सूज उतरली" म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?)

अशा वेळी माझ्या मार्गदर्शकांना, म्हणजे आमच्या सरांना, जर्मनीतल्या एका मित्राकडून पार्सल आलं. आत इचिनेशियाची वाळलेली मुळं! सरांनी ती टेबलावर मांडली. अमेरिकेतल्या गवताळ मैदानातली ही जांभळ्या फुलांची वनस्पती. तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या तिची मुळं चघळत आले, दातदुखीला, घसादुखीला, साप चावल्यावरसुद्धा. जर्मन लोक तिचं औषध करून सर्दीवर घेतात. पण सर्दी खरंच कमी होते का, हे छातीठोकपणे कोणी सांगेना. काळपट काटक्यांसारखं ते मूळ हातात घेताना माझ्या अंगावर काटा आला. सात समुद्र ओलांडून हे मूळ आलंय ते माझ्यासाठी, असंच मला वाटलं.

सरांनी योजना आखली. थंडीचे दोन महिने, चाळीस माणसं. विसांना मुळांचा अर्क, विसांना तसंच दिसणारं नकली पाणी. खरं कोणतं आणि नकली कोणतं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. दोन्ही द्रव मीच बनवले. नकली म्हणजे गुळाचं पाणी आणि काडेचिराइताचा काढा. रंग तोच, कडूपणा तोच. मी दोन्ही चाखून पाहिले. काडीचा फरक नाही! सरांनी ते लोणच्याच्या दोन बरण्यांत भरले, एकीला लाल झाकण, एकीला हिरवं. कोणत्या बरणीत काय, ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली.

चाळीस माणसं आमच्या मोहल्ल्यातच होती. औषध पाजायचं काम माझ्या आईकडे, मायकडे दिलं, कारण सकाळी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला सगळ्या घरांत तिचं जाणं-येणं असायचं. मी तिला नियम समजावून सांगितला.

"म्हंजे खरं औषध कोनतं ते तुले बी माईत नाही?"

"नाही."

"पेनाऱ्याईले बी नाही, मले बी नाही?"

"नाही. त्यालाच तर शास्त्र म्हणतात!"

माय बाबांकडे वळून म्हणाली, "पाच वर्सं हेच शिकून राह्यला का हा?"

आता प्रश्न नोंदींचा. रोज फॉर्म भरायचा म्हटलं तर निम्मे लोक अंगठेबहाद्दर. बाबांनी माग थांबवला आणि म्हणाले, "कागद काहून पाह्यजे? सूत दे ना!" त्यांनी चाळीस पांढरे धागे कापले आणि प्रत्येकावर बोटाबोटाच्या अंतरानं शाईच्या खुणा केल्या. एक खूण म्हणजे एक दिवस. त्या दिवशी सर्दी असली तर खुणेवर गाठ मारायची, नसली तर नाही. धागा मागाच्या खांबाला टांगलेला. एवढी सुंदर पद्धत मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती.

"पन सर्दी कशाले म्हनाव?" शेजारच्या मारोतकाकांनी विचारलं.

"नाक वाहिलं की गाठ," मी म्हणालो.

"कायच्यानं बी वाह्यलं तरी?"

"कारण शोधत बसू नका, काका. कारण शोधणं हे आमचं काम!"

(हे वाक्य मी हात वर करून म्हणालो होतो. आजही आठवलं की तो हात कुठे ठेवावा कळत नाही.)

पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्या आठवड्यात मोहल्ला पेटला! हिरव्या झाकणवाल्यांची जीभ औषध घेतलं की वळवळायची, मुंग्या यायच्या, तोंडाला पाणी सुटायचं. लाल झाकणवाल्यांना काहीच नाही. मारोतकाका हिरवे, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ श्रावणकाका लाल. दोघांचे माग एकाच खोलीत.

"माही जीभ पाह्य कशी नाचते!" मारोतकाका जीभ बाहेर काढून दाखवायचे.

"मंग माही काहून नाही नाचत? मी का सावत्र हाओ?"

तिसऱ्या दिवशी दोघांच्या बायका नळावर एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. चौथ्या दिवशी श्रावणकाकांनी खोलीच्या मधोमध चादर टांगली. अमेरिकेतल्या एका मुळानं नागपुरातलं घर फुटायची वेळ आली. मी घाबरलो. लाल झाकणवाले संपावर गेले असते तर माझी पाच वर्षं दोन बरण्यांसकट नाल्यात! मी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि विज्ञान, त्याग आणि राष्ट्र या विषयावर पाऊण तास भाषण केलं. लोक शांतपणे ऐकत होते. (काही जण झोपले होते, पण शांतपणे.)

आणि काय आश्चर्य! दोन दिवसांत भांडण मिटलं. चादर उतरली, नळावर गप्पा सुरू झाल्या, सगळे मुकाट औषध घेऊ लागले. शब्दांत केवढी ताकद असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी सरांनाही तसं सांगितलं.

दोन महिन्यांनी धागे गोळा केले. चाळीसच्या चाळीस आले. एकही हरवला नाही, एकही गाठ खुणेच्या अलीकडे-पलीकडे नाही. साडीच्या काठात एक तार चुकू न देणारी माणसं ती. त्यांनी माझं कामही तसंच केलं होतं. ते धागे मी एकेक करून टेबलावर सरळ मांडले.

मग मी आलेख काढला आणि खुर्चीवरून उठून उभा राहिलो. लाल गटाची रेघ आणि हिरव्या गटाची रेघ सुरुवातीच्या दिवसांनंतर एकमेकींवर अशी चढली होती, की दोन रेघा आहेत हे सांगावं लागे. आणि दोन्ही रेघा सहा दिवस जमिनीलगत सरपटत जाऊन सातव्या दिवशी ताडकन आभाळाला भिडत होत्या. दर रविवारी! सोमवारी परत जमिनीवर.

सरांनी भिंग काढलं. चष्मा पुसला. परत भिंग काढलं.

"विनायक," ते हळूच म्हणाले, "सर्दीला सात दिवसांची लय आहे! जगात हे कोणी पाहिलेलं नसेल."

"आणि दोन्ही गटांत एकच लय, सर!"

"निसर्ग... निसर्ग काय चीज आहे!"

अकरा दिवस आम्ही दोघं भारावून वावरलो. सरांनी चंद्राच्या कला तपासल्या, मी भरती-ओहोटी तपासली. (नागपुरात समुद्र नाही हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.) शेवटी सर म्हणाले, "जगाला कळवण्याआधी हा चमत्कार प्रत्यक्ष बघायला हवा. रविवारी मी तुमच्या मोहल्ल्यात येतो."

रविवारी सर आले. एवढा मोठा माणूस दारात आला म्हटल्यावर मायनं त्यांना जेवल्याशिवाय सोडणं शक्यच नव्हतं. आणि रविवारी आमच्या मोहल्ल्यात, एका घरात नाही, सगळ्या घरांत, एकच बेत असतो: मटणाचा सावजी रस्सा. वर बोटभर तर्री.

"सर, तिखट चालते ना?" मायनं विचारलं.

"अहो, बिनधास्त वाढा!"

पहिल्या घासाला सरांचे कान लाल झाले. दुसऱ्याला कपाळावर घाम फुटला. तिसऱ्या घासाला सरांचं नाक असं वाहायला लागलं की एक रुमाल पुरेना. माझंही वाहत होतं, बाबांचंही. पण ते दर रविवारचंच, त्याकडे कोण लक्ष देतं! तेवढ्यात माय आत गेली आणि खुणा केलेला एक धागा घेऊन आली.

"घ्या सर. तुमची बी गाठ मारा."

"कसली गाठ?" सर रुमालाआडून म्हणाले.

"नाक वाह्यलं ना? विन्यानं सांगतलं हाय, नाक वाह्यलं का गाठ. कारन शोधाचं नाही म्हने."

मी हातातली भाकर खाली ठेवली. दोन महिन्यांतले सगळे रविवार डोळ्यांसमोरून एकेक करून गेले. चाळीस माणसं दर रविवारी रस्सा ओरपून, नाक पुसून, प्रामाणिकपणे खांबाकडे जाऊन गाठ मारत होती. आणि त्यांच्यात बसून दर रविवारी रस्सा ओरपणारा मी चंद्राच्या कलांचा विचार करत होतो!

सर सावरले. मोठा माणूस. म्हणाले, "ठीक आहे. पण मग दोन्ही गट इतके सारखे कसे?"

"सारकेच राह्यतीन ना," माय म्हणाली. "एकच तं औषध हाय."

"एकच?"

"भावाभावात भांडनं होऊन राह्यले होते, सर. म्या दोन्ही बरन्याईतलं चाटून पाह्यलं. हिरवीतलं खरं, लालीतलं गुळाचं पानी. मंग लालवाल्याईनं का पाप केलं? म्या दोन्ही बरन्या पितळी गुंडात ओतल्या, डावानं हालवलं अन् सारकं सारकं परत भरलं. आता समद्याईची जीभ नाचते."

म्हणजे भांडण माझ्या भाषणानं मिटलंच नव्हतं. सरांनी कुलूपबंद केलेलं रहस्य मायनं एका बोटावर चाटून फोडलं होतं.

"विनायक," सरांचा आवाज आता वेगळा होता, "दोन्ही द्रव तू चाखले होतेस ना?"

उत्तर मायनं दिलं. "त्याले का समजन, सर? तंबाखूचा खर्रा खाऊखाऊ त्याची जीभ मेली हाय!"

माझी पीएच.डी. ताटात पडलेली मला स्पष्ट दिसत होती. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगतो, मी मायकडे बघून थक्क झालो होतो. पाच वर्षं वाचून मला जे उमगलं नव्हतं ते तिला एका चाटण्यात उमगलं होतं. आणि ते उमगल्यावर तिनं पहिला विचार केला तो श्रावणकाकांच्या जिभेचा.

सरांनी आणखी रस्सा मागून घेतला. नाक पुसलं, घाम टिपला. मग म्हणाले, "इचिनेशियानं सर्दी कमी होते की नाही, हे आपल्याला अजूनही माहीत नाही. पण औषधाची चाचणी किती प्रकारांनी फसू शकते, याचं एवढं अस्सल साहित्य कोणाकडे नसेल. विषय बदलून घेऊ."

विद्यापीठानं विषय बदलायला मान्यता दिली आणि मी उन्हाळ्याच्या आत तीनशे पानं लिहून काढली. इतक्या भराभर मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, कारण संदर्भासाठी कुठे जावंच लागत नव्हतं. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि माझ्याकडे अशा आदरानं पाहिलं, की तसं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"या एवढ्या सगळ्या चुका," ते म्हणाले, "तुम्ही एकट्यांनी केल्यात?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "नाही सर, औषध आईनं मिसळलं. बाकीचं सगळं संशोधन माझंच आहे."