पाचापैकी पाच

रडारसमोर बसून विमानांना उतरण्याचा क्रम देणं हे माझं काम. केजजवळच्या आमच्या गावात अजून बऱ्याच जणांना वाटतं, मी विमानाला झेंडा दाखवतो. मीही आता कुणाची समजूत काढत बसत नाही.

मागच्या वर्षी आमच्या पडद्यावर एक नवी प्रणाली आली. आधी कोणतं विमान उतरवावं, हे ती सुचवायची. महिनाभरानं एक संशोधक बाई फॉर्म घेऊन आल्या. आम्ही नियंत्रक या प्रणालीला कितपत स्वीकारतो, हे त्यांना मोजायचं होतं. सूचना भरवशाची वाटते का? एक ते पाच. नाव लिहायचं नव्हतं.

खरं सांगायचं तर वळवाचे ढग आले की ती सूचना मिनिटामिनिटाला बदलायची, आणि मी ती बाजूला सारून आपल्या डोक्यानं चालायचो. पण बाई लांबून आल्या होत्या, अदबीनं बोलत होत्या. दारी आलेल्याला रिकाम्या हातानं लावून द्यायची आपल्याकडं रीत नाही. सगळीकडं पाच दिले. बाई खूश, मी त्याहून खूश.

मग वरून पत्रक निघालं. नियंत्रकांनी प्रणाली मनापासून स्वीकारली आहे, तेव्हा यापुढं तिची सूचना डावलली की दर वेळी लगेच कारण नोंदवायचं. ढगांत सापडलेल्या वैमानिकाशी बोलू की कारणं लिहीत बसू? मला भीती वाटली.

सुट्टीत गावी आलो. पाटोद्याला नात्यात कार्य होतं. जाताना जीपमध्ये वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी उभा जन्म एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात घालवला. त्यांनी ऐकून घेतलं.

पंगतीत येसर आमटी खारट झाली होती. वाढप्यानं विचारलं, "कशी झालीय, पाव्हनं?"

"लई भारी," मी म्हणालो. त्यानं लगेच आणखी दोन पळ्या ओतल्या.

वडील शेजारी भाकरी चुरत होते. मान वर न करता म्हणाले, "तुजी खारट आमटी तू पिशील. इमानातल्या लोकांनी ती कावून प्यायची?"

फार लाज वाटली.

सोमवारी बाईंना फोन करून सांगितलं, ते पाच खरे नव्हते. त्या म्हणाल्या, "बिननावाच्या फॉर्ममधून तुमचा ओळखता येणार नाही. नवा भरता येईल, पण त्यावर तुमचं नाव लागेल."

नाव लिहिलं. भरवशाच्या प्रश्नापुढं दोन लिहिले. पाच देताना नाव लागलं नव्हतं, दोन देताना लागलं.